कॉर्न स्नेक पाळायचा आहे : नर घ्यावा की मादी?

उंबरठा (धागाकर्ता)

मंडळी, दोन वर्षं मी इथे नुसता वाचक आहे. पहिलाच धागा काढतोय आणि तोही सापावर, सांभाळून घ्या.

घरात कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) आणायचं पक्कं झालंय. पेटी आली आहे, १२० × ६० × ६० सेंमी. थर्मोस्टॅट लावून पंधरा दिवस ती रिकामीच चालवून बघितली. गरम बाजूला ३०, थंड बाजूला २३-२४ अंश व्यवस्थित टिकतंय. बायको आधी "एक तर तो राहील नाहीतर मी" म्हणाली होती. हल्ली पेटीत कुठली फांदी शोभेल यावर मलाच सल्ले देते. म्हणजे घरचं जमलंय.

गाडी अडली आहे भलतीकडेच. ज्यांच्याकडून घ्यायचा त्यांच्याकडे एकाच मादीची, एकाच वेळी अंड्यांतून निघालेली तीन पिल्लं आहेत. ते म्हणतात दोन नर आहेत, एक मादी. आणि मला विचारतात, "तुम्हाला काय हवं?"

काय हवं ते मलाच कळेना. एक जण सांगतो नर शांत. दुसरा म्हणतो नर कुठला शांत, पेटीभर नुसत्या येरझारा घालतो, मादीच घ्या. कुठे वाचलं मादी मोठी होते, कुठे वाचलं नर. मला पिल्लं काढायची नाहीत. एकच साप, पुढची पंधरा-वीस वर्षं. हातात घेता यावा, वेळेवर जेवावा आणि मुलीला (वय ९) त्याची धास्ती वाटू नये, एवढ्याच अपेक्षा.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मोरपंखी

मी साप पाळणार नाही, पाळणाऱ्याच्या घरात पायही ठेवणार नाही. पण हा धागा वाचल्याशिवाय राहवणारही नाही. कोपऱ्यात जागा धरून बसले आहे.

भोचक

सोपं आहे. चावला तर नर. डूख धरला तर मादी.

सुईदोरा

भोचकराव, डूख धरायला आधी समोरचा माणूस ध्यानात राहावा लागतो. माझे साप मला अकरा वर्षांत ओळखायला लागलेत की नाही याचीच मला खात्री नाही.

उंबरठा, माझ्याकडे सध्या चार कॉर्न आहेत. दोन नर, दोन माद्या, चौघांच्या चार वेगळ्या पेट्या. त्या जोरावर सांगते. स्वभावाचा आणि नर-मादीचा संबंध नाही. माझ्या चौघांत सगळ्यात गरीब आहे तो नर, आणि सगळ्यात खाष्ट आहे तोही नरच. दोघे सख्खे भाऊ, एकाच दिवशी अंड्यांतून निघालेले, एकाच हाताने वाढवलेले. आता बोला.

पिल्लू असताना सगळेच तापट दिसतात. शेपटीचं टोक थरथरवतील, मान मागे खेचून झेप टाकतील, हातावर उग्र वासाचं पाणी सोडतील. तो राग नसतो, भीती असते. पेन्सिलीएवढ्या जिवाला वरून येणारा हात म्हणजे घारच. म्हणून हात वरून घालायचा नाही, बाजूने घालायचा, पोटाखालून उचलायचं आणि मग स्वस्थ राहायचं. बहुतेक पिल्लं वर्षभरात निवळतात. एखादं नाही निवळत. ते कुठल्या लिंगाचं असेल ते आधी कुणी सांगू शकत नाही.

आकाराचं म्हणाल तर कॉर्नमध्ये नर सरासरीने किंचित लांब भरतो, पण फरक इतका थोडा की दोघांना शेजारी ठेवूनही सांगता येणार नाही. पूर्ण वाढलेला साप साधारण ९० ते १५० सेंमी. "मादी मोठी" हे तुम्ही वाचलंत ते बहुधा बॉल पायथनबद्दल असेल. त्यांच्यात मादी खरंच अंगाने थोराड असते. लोक एका सापाचं ज्ञान दुसऱ्याला चिकटवतात आणि मग आपल्यासारख्यांची झोप उडते.

खरा फरक एकच. मादी अंडी घालू शकते. नराशिवायही.

उंबरठा

नराशिवायही??

वळवळ

बबनची गोष्ट सांगायची वेळ आली वाटतं.

बबन म्हणजे माझा पहिला कॉर्न. शेपटीकडे बघून "नर आहे, डोळे मिटून घ्या" असं सांगून दिला होता. मीही घेतला. चार वर्षं सगळं उत्तम. दर बारा-चौदा दिवसांनी एक उंदीर, वेळेवर कात, स्वभाव गाईसारखा. पाचव्या वर्षी थंडी सरता सरता बबनने जेवण सोडलं. मी वाचलं होतं की नर माजावर आला की जेवत नाही, म्हटलं चालायचंच, पोरगा वयात आला.

मग त्याने अवेळी कात टाकली. त्यानंतर रात्रभर पेटी उकरायचा. पाण्याचं भांडं उलथं, सालपाचं अंथरूण एका कोपऱ्यात ढिगाने, काचेला नाक घासून घासून लाल. शेपटीच्या अलीकडचा भाग फुगलेला. मी इंटरनेटवर बद्धकोष्ठाचे उपाय शोधत बसलो होतो.

कात टाकल्याला दहा-अकरा दिवस झाले असतील. सकाळी दिवा लावला तर पाण्याच्या भांड्यामागे बबन वेटोळं घालून पडलेला, आणि वेटोळ्याच्या मधोमध अंडी. चौदा. काही पांढरी, काही पिवळट, शेवटची दोन तर शेंगेसारखी चिंबलेली. मी त्यांच्याकडे बघतोय आणि बबन माझ्याकडे. वहिनींच्या डोहाळजेवणाला कुणी बोलावलंच नाही असा चेहरा. (सापाला चेहऱ्यावर भाव आणता येत नाहीत हे मला माहीत आहे. त्या दिवशी आले होते.)

अंडी अर्थातच पोकळ. एकाही नराचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. नाव बदललं नाही. आज बबन नऊ वर्षांची आहे.

मोरपंखी

"आज बबन नऊ वर्षांची आहे." मी पडले खुर्चीतून.

तिसरी पापणी

माझ्या टोपणनावाला हसू नका. सापाला एकही पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. मी पशुवैद्य आहे आणि सरपटणारे प्राणी बघते.

वळवळ, तुमचं नशीब चांगलं. चौदाची चौदा बाहेर आली.

उंबरठा, कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते तसंच हे. प्रत्येक मादी देईलच असं नाही. काही आयुष्यात एकदाही देत नाहीत, काही दरवर्षी देतात. भीती अंड्यांची नाही, अंडं अडकण्याची आहे. माझ्याकडे अशा माद्या येतात त्यातल्या बऱ्याच गुबगुबीत असतात, उठताबसता खायला मिळालेल्या. अंगात चरबी आणि स्नायूंना व्यायाम नाही, मग ढकलायला जोर येणार कुठून? शिवाय अंडी घालायला पसंत पडेल अशी जागा नसेल तर मादी अंडी रोखून धरते.

घालायला लागली की साधारण एक-दोन दिवसांत काम आटोपायला हवं. काही अंडी बाहेर आली आणि दोन दिवस उलटूनही पोटात गाठी दिसताहेत, तर वाट बघू नका, घेऊन या. घरी बोटाने पुढे ढकलायचा प्रयत्न तर अजिबात नको. आतली नळी फाटते. एक बाई अशाच तीन आठवडे थांबून आल्या होत्या, "आपोआप जिरतील असं एकाने सांगितलं" म्हणून. शस्त्रक्रिया करावी लागली. वाचली ती, पण प्रत्येक वेळी वाचेलच असं नाही.

मादी पाळायची तर तयारी फार अवघड नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, बाजूला साप आत शिरेल एवढं भोक, आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं एक शेवाळ). ओलसर म्हणजे मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये इतपत. हाच डबा एरवी कात टाकताना कामाला येतो, म्हणून तो नराच्या पेटीतही असायला हरकत नाही.

निवांत

म्हणजे नर घ्या, प्रश्न मिटला. धागा बंद करा.

तिसरी पापणी

मिटला कसा? नराचीही दुखणी आहेत. त्याची दोन लिंगं शेपटीच्या बुडाशी आत दुमडलेली असतात. कधी त्यातलं एक बाहेर येतं आणि आत जात नाही. तसं झालं तर स्वच्छ ओल्या फडक्याने ते ओलं ठेवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वाळलं तर काढून टाकावं लागतं. दुसरं म्हणजे आत वाळका मळ साठून खडा होतो. दोन्ही गोष्टी वरचेवर होत नाहीत. पण अंडं अडकणंही रोज होत नाही. पारडं नराकडे थोडं झुकतं हे मी मान्य करेन, त्याहून जास्त नाही.

सुईदोरा

डॉक्टरांना अनुमोदन. नराचा त्रास दुखण्यापेक्षा डोक्याला जास्त असतो. वयात आला की थंडी संपताना माझा एक नर जेवण सोडतो. पहिल्या वर्षी सहा आठवडे उपाशी होता. मी दर चार दिवसांनी उंदीर कोमट करून नाकासमोर नाचवायची आणि तो उंदराच्या अंगावरून चालत पलीकडे जायचा, जणू रस्त्यात दगड आहे. रात्री पेटीच्या चारी भिंती तपासत फिरायचा. शेवटी मी नाचवणं थांबवलं आणि वजन करायला लागले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर डबा, डब्यात साप. ७१० ग्रॅमचा ६८५ झाला आणि तिथेच थांबला. सातव्या आठवड्यात असा जेवला की काही घडलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून वजनाची वही ठेवा. उपास किती दिवसांचा यापेक्षा वजन किती उतरलं ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर डॉक्टर.

भोचक

मग दोन्ही घ्या ना! एक नर, एक मादी. एकमेकांना सोबत.

सुईदोरा

नको नको नको.

कॉर्नला सोबत लागत नाही. दोन साप एकाच उबदार कोपऱ्यात एकमेकांवर पडलेले दिसले की आपल्याला माया वाटते, पण ते एकाच चांगल्या जागेसाठी ताटकळत असतात. एकाने दुसऱ्याला गिळल्याची उदाहरणं आहेत, विशेषतः पिल्लांत. आणि नर-मादी एकत्र ठेवले तर नर मादीच्या वयाचा विचार करत बसत नाही. पैदास करणारे तीनाचा नियम सांगतात. मादी निदान तीन वर्षांची, तीन फुटांची, तीनशे ग्रॅमची झाल्याशिवाय तिच्याजवळ नर नेऊ नये. कोवळ्या मादीला अंडी झाली की वर डॉक्टरांनी सांगितलं तेच होतं. त्यात हे तिघे भावंडं.

तिसरी पापणी

त्यात आणखी एक भर. मादी एका मिलनाचे शुक्राणू साठवून त्याच हंगामात दुसऱ्यांदाही फलित अंडी घालू शकते. म्हणून कुणाकडून मोठी मादी घेत असाल तर ती आधी नराबरोबर होती का ते विचारा. "दोन दिवसच होते एकत्र" यात दिलासा मिळण्यासारखं काही नाही.

चष्मा_कुठाय

मूळ मुद्दा राहिलाच. तिघांतली मादी कोणती हे ठरवलं कुणी आणि कसं? बबनचा अनुभव वाचून मला तर पहिली शंका तीच आली.

उंबरठा

विचारलं. म्हणाले, "पॉपिंग केलंय." शेपटी दाबून बघतात म्हणे. मला ऐकूनच कसंसं झालं.

सुईदोरा

जाणत्या हाताने केलं तर पिल्लाला इजा होत नाही. नवशिक्याने करू नये, एवढंच. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत करतात. पिल्लू उताणं धरायचं, व्हेंटच्या (शेपटीच्या बुडाशी पोटाखाली असलेली, विष्ठा बाहेर पडण्याची फट) जरा मागे, शेपटीच्या बाजूने अंगठा हलकेच पुढे लोटत आणायचा. नर असेल तर दोन इवलीशी लालसर बोंडं बाहेर येतात आणि सोडलं की आत जातात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुणीतरी काडेपेटीतल्या दोन काड्यांची गुलं चिकटवल्यासारखी वाटली होती.

आता यातली मेख बघा. बोंडं बाहेर आली तर तो नर, शंका नको. नाही आली तर ती मादी? नाही. ती मादी असेल, किंवा शेपटी घट्ट आवळून बसलेला नर असेल. पिल्लू शांत नसेल, घाबरलं असेल, दाबणाऱ्याचा अंगठा चुकला असेल. म्हणजे "नर" हा निकाल पक्का आणि "मादी" हा निकाल तात्पुरता. तुमच्या तिघांतले दोन नर मी मान्य करेन. तिसरीवर मात्र माझं प्रश्नचिन्ह.

उंबरठा

मग घरी आणल्यावर शेपटीवरून कळेल का? चित्रं बघितली, त्यात फरक स्पष्ट दिसतो.

वळवळ

चित्रात बबनही नर होता.

सुईदोरा

चित्रं काढणारे दोन टोकांचे नमुने निवडतात. नराची शेपटी व्हेंटच्या मागे जाडच राहते, मग सावकाश निमुळती होत जाते, आणि एकूण लांब असते. मादीची व्हेंटच्या मागे लगेच आत घेतल्यासारखी होते आणि लवकर संपते. दीड-दोन वर्षांच्या सापात, शेजारी तुलनेला दुसरा असला, तर सरावलेली नजर बहुतेकदा बरोबर सांगते. एकट्या पिल्लात नाही. लोक कात घेऊन शेपटीखालचे खवले मोजतात. नरात ते जास्त असतात खरे, पण दोघांचे आकडे मधे एकमेकांवर चढतात, आणि तुमचा साप नेमका त्या मधल्या आकड्यावर निघतो.

निवांत

सळई घालून बघतात तेही ऐकलंय. केसांचा आकडा चालेल का?

तिसरी पापणी

निवांत, तो केसांचा आकडा खाली ठेवा.

प्रोबिंगसाठी गोल टोकाची, गुळगुळीत, सापाच्या मापाची स्टीलची सळई असते. ती निर्जंतुक करून, वंगण लावून, व्हेंटमधून शेपटीच्या दिशेने सरकवतात. जोर लावायचा नसतो. जिथे थांबेल तिथे थांबायचं आणि किती खवल्यांपर्यंत गेली ते मोजायचं. मादीत दोन-चार खवल्यांवर थांबते, नरात आठ-दहा किंवा त्याहून पुढे जाते. चुकीच्या हातात नराला कायमची इजा होते. शिवाय जोर लावून आरपार गेलेली सळई मादीलाही "नर" ठरवते. बबनचं तसं झालं नाही, पण होतं. ज्याला रोज पंचवीस सापांचं करायचं असतं त्याने करावं. ज्याला एकच साप नुसता पाळायचा आहे त्याला हे कळून करायचं काय, हाही प्रश्न आहेच.

चष्मा_कुठाय

एक शंका. कासवा-मगरींमध्ये अंडी किती तापमानाला उबवली त्यावर नर की मादी ठरतं ना? मग उबवणीचं तापमान विचारून अंदाज बांधता येईल.

तिसरी पापणी

मगरींत आणि बऱ्याच कासवांत तसं आहे. सापांत नाही. कॉर्नमध्ये ते गुणसूत्रांवर ठरतं, आणि आपल्यापेक्षा उलट. नराची दोन सारखी, झेड-झेड. मादीची दोन वेगळी, झेड आणि डब्ल्यू. म्हणजे पिल्लू काय होणार ते आईच्या अंड्यावर ठरतं, बापावर नाही. उबवणीचं तापमान, साधारण २७ ते २९ अंश, पिल्लं किती दिवसांत निघतील ते ठरवतं. बहुधा दोन महिने.

मोरपंखी

"आईवर ठरतं, बापावर नाही." सापांच्या सासवा काय करत असतील?

कोरीव

रंगाचं कुणी बोललं नाही. उंबरठा, तिघांचे रंग काय? माझ्यासारख्याला नर-मादीपेक्षा त्याचंच जास्त. लाल-नारंगी ॲमेलानिस्टिक, राखाडी ॲनेरी, दोन्ही मिळून गुलाबी-पांढरा स्नो. यातलं काहीही नरात असतं आणि मादीतही. रंगावरून लिंग ओळखता येतं असं सांगणारा भेटला तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका. फक्त 'सनकिस्ड' घराण्यातलं पिल्लू असेल तर 'स्टारगेझिंग'ची चौकशी करा. तो आनुवंशिक दोष आहे, साप डोकं वर वाकवून आकाशाकडे बघत राहतो, तोल सांभाळता येत नाही.

उंबरठा

तिन्ही साध्या, मूळ रंगाची. तपकिरी-केशरी, काळ्या कडांचे लाल ठिपके. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी.

कोरीव

सगळ्यात देखणा रंग तोच. १७६६ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने या सापाला नाव दिलं ते याच रंगावरून, गुत्तातस म्हणजे ठिपकेदार. ती पोटाखालची चौकट रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून कॉर्न स्नेक म्हणतात, किंवा अमेरिकेच्या आग्नेय भागात मक्याच्या कोठारांत उंदरांमागे सापडायचा म्हणून. दोन्ही सांगतात.

सुईदोरा

उंबरठा, तुम्ही विचारलंत म्हणून दोन दिवस आम्ही सगळे शेपटीभोवती फिरतोय. आता मी विचारते. तिघांपैकी जेवतं कोण?

पिल्लू घेताना मला एवढीच गोष्ट बघायची असते. काही पिल्लं पहिल्यापासून पिंकी (उंदराचं नवजात, बिनकेसांचं पिल्लू) घेतात, काही महिनोन् महिने घेत नाहीत. फ्रीझरमधला, वितळवून कोमट केलेला पिंकी सलग पाच-सहा वेळा खाल्लेलं पिल्लू हवं. जिवंतच लागतो म्हणणारं नको, तुमच्या मुलीला ते बघायला लावू नका. नोंदी मागा. नोंदी नसतील तर "माझ्यासमोर भरवा" म्हणा. मग हातात घ्या. अंगावर सुरकुत्या नकोत, पाठीचा कणा टोचायला नको, नाकातोंडाशी फेस नको, श्वासाला शिट्टी नको, व्हेंट स्वच्छ हवं, खवल्यांच्या फटीत काळे ठिपके चालताना दिसायला नकोत, ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकलेली नको. हातात घेतल्यावर जीभ बाहेर काढत हात तपासणारं पिल्लू असलं तर उत्तमच. ते नर निघालं तर आनंद, मादी निघाली तर ओल्या मॉसचा डबा.

भोचक

+१. आणि कागदपत्रं, परवाने वगैरे आपापल्या भागातले नियम बघून घ्या. हे मी गंभीरपणे म्हणतोय, माझं नाव वाचून उडवून लावू नका.

चष्मा_कुठाय

अवांतर : धाग्यात सुरुवातीपासून जो तो साप "तो" म्हणतोय, कारण मराठीत साप पुल्लिंगी. मग मधेच "ती" होते आणि पुढच्या ओळीत परत "तो". व्याकरणाची पार वेटोळी झाली आहेत. सुदैवाने आपल्याकडे तिसरा पर्याय आहे. पिल्लू हे "ते". लिंग कळेपर्यंत सगळ्यांनी "ते" वापरावं, ही नम्र विनंती.

वळवळ

बबनला ही सोय मिळाली असती तर.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत येतोय. आम्ही जाऊन आलो. सुईदोराताईंनी सांगितलं तसं "समोर भरवा" म्हटलं. ते जरा नाराज झाले, पण भरवलं. चिमट्यात धरलेला पिंकी पहिल्या नराने बघितला आणि पाण्याच्या भांड्याखाली जाऊन बसला. दुसऱ्याने एकदा झडप घातली, पकडला, सोडून दिला. तिसरं, ज्याला ते मादी म्हणत होते, ते एका कोपऱ्यात जीभ काढत थांबलं होतं. पिंकी दिसायच्या आतच वळलं. पकडला, दोन वेटोळी घातली (मेलेल्या पिंकीला!), मग डोक्याकडून गिळायला सुरुवात. मुलगी काचेला नाक लावून. गिळून झाल्यावर त्याने भलामोठा जबडा ताणून जांभई दिली, तेव्हा ती जी हसायला लागली त्यातच निवड झाली. त्यांची वही बघितली, सलग सात वेळा खाल्लेलं. वहीत लिंगाच्या रकान्यात "मादी" आणि पुढे पेन्सिलीने छोटंसं प्रश्नचिन्ह. मी विचारलं तर म्हणाले, "काही बाहेर आलं नाही म्हणून मादी लिहिलंय."

चष्मा_कुठाय, "ते" घरी आलं आहे. आठवडाभर हात लावला नाही, मग पिंकी दिला, खाल्ला. त्यानंतर दोन दिवस परत हात नाही. काल पहिल्यांदा मुलीच्या मनगटाभोवती दहा मिनिटं होतं. वजन ९ ग्रॅम, वहीत पहिली नोंद केली. मॉसचा डबा ठेवलाय, सध्या त्यात झोपतं. नाव मुलीने ठेवलं आहे, कणीस.

चष्मा_कुठाय

ते कणीस! नपुंसकलिंगी! मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

तिसरी पापणी

छान. तीन-चार महिन्यांनी एकदा दाखवून घ्या, लिंगासाठी नाही, सहज तपासणीसाठी. येताना ताजी विष्ठा डबीत आणा, जंत बघू.

सुईदोरा

झाकण?

उंबरठा

सरकत्या काचा आहेत. घट्ट बसतात.

सुईदोरा

काचांना कुलूप लावा. ९ ग्रॅमचं कणीस पेन्सिल जाईल तिथून जातं. वायरीसाठी ठेवलेलं भोक बुजवलंत का?

उंबरठा

... बघून येतो.

उंबरठा

बुजवलं. कणीस आत आहे. मोजून घेतलं, एकच आहे.

मोरपंखी

मी अजून इथेच आहे. फोटो टाका. लांबून काढलेला.